लाईट गेली की प्रिंटर विसरतो

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना संगणक आहे. त्याचा प्रोसेसर 32 बिटांचा, मेमरी 1 जीबी, आणि त्यावर उबुंटू या लिनक्स कार्यप्रणालीची 12.04 ही आवृत्ती आहे. ही आवृत्ती एप्रिल 2012 मध्ये आली आणि तिच्या सर्वसाधारण पाठबळाची मुदत एप्रिल 2017 मध्ये संपली. संगणकाला एक लहान लेझर प्रिंटर जोडलेला आहे. गावाला त्याचा उपयोग मोठा आहे, कारण फोनवर आलेले आरटीसी, म्हणजे कर्नाटकातील शेतजमिनीच्या नोंदींचे, उतारे, कन्नडमधील पेन्शनचे अर्ज, शाळेची पत्रे आणि ज्ञानेश्वरी पारायणाची कार्यक्रमपत्रिका हे सारे तिथेच छापले जाते. मी बेळगावात राहतो आणि रविवारी गावी गेलो की या यंत्राकडे एकदा पाहून येतो.

गेल्या पावसाळ्यात ग्रंथपाल काकांचा फोन आला. ते म्हणाले, "सकाळी चांगला चालला होता की ओ, लाईट गेली आणि बसला बघा." निदान याच वाक्यात होते, पण ते माझ्या ध्यानात यायला तीन रविवार गेले. बिघाड ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकाला प्रिंटरशी बोलायला शिकवणाऱ्या प्रोग्राममध्ये, असणार असे गृहीत धरूनच मी गावी गेलो होतो.

पहिल्या रविवारी मी प्रिंटर काढून पुन्हा जोडला, म्हणजे सिस्टीममधील त्याची नोंद पुसून नवी केली. संगणक बंद करून सुरू केला, चाचणीचे पान छापून आले, आणि मी समाधानाने परतलो. मंगळवारी पुन्हा फोन आला. दुसऱ्या रविवारी मी तेच सारे पुन्हा केले, तरी फळ तेच मिळाले. काकांना मात्र एक उपाय सापडला होता, तो म्हणजे संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे. तो कधी लागू पडे, कधी पडत नसे. जो उपाय कधीकधीच चालतो तो माणसाला सर्वांत जास्त फसवतो, कारण तो का चालतो हे कोणी विचारत नाही आणि का चालत नाही याचे खापर नशिबावर फुटते.

तिसऱ्या रविवारी मी ठरवले की काहीही नव्याने बसवायचे नाही, फक्त तारेपासून वर एकेक पायरी तपासत जायचे. (पुढील आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, त्यांच्या नावांतील जोडरेघ फक्त वाचण्याच्या सोयीसाठी आहे. टंकताना त्या रोमन लहान अक्षरांत टंकाव्यात.) पहिली आज्ञा 'एलएस-यूएसबी'. संगणकाला जोडलेली सारी यूएसबी उपकरणे ती दाखवते. यादीत प्रिंटर होता, तेव्हा तार आणि खोबण दोन्ही ठीक होती. दुसरी आज्ञा 'एलपी-स्टॅट', पुढे उणे चिन्ह आणि 'टी'. ही छपाईच्या सर्व रांगांची, म्हणजे प्रिंटरकडे जाणारी कामे जिथे वाट पाहतात त्या नोंदींची, स्थिती सांगते, आणि इथे मला माझेच प्रताप दिसले. मी प्रत्येक वेळी प्रिंटर नव्याने जोडताना जुनी नोंद नीट पुसली गेली नव्हती. एकाच प्रिंटरच्या तीन रांगा झाल्या होत्या. त्यांपैकी जी मूलनिर्धारित (डीफॉल्ट) होती तीच थांबलेली होती.

रांग थांबते म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. लिनक्सवरील छपाईचा कारभार कप्स, म्हणजे कॉमन युनिक्स प्रिंटिंग सिस्टम, पाहते. मायकेल स्वीट यांनी 1997 च्या सुमारास सुरू केलेली ही प्रणाली ॲपलनेही आपल्या संगणकांसाठी स्वीकारली आणि 2007 मध्ये तिचा मूळ कोड विकत घेतला. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' लिहून पुढे अपूर्णविराम आणि 631 हा आकडा दिला की तिचे नियंत्रणपान उघडते. त्यासाठी आंतरजाल लागत नाही. त्या पानावरून बदल करायचे असतील तर उबुंटूमध्ये वापरकर्ता 'एलपी-ॲडमिन' या गटात असावा लागतो, नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही नकार मिळतो. प्रत्येक रांगेला एक त्रुटी-धोरण असते. छपाई चालू असताना काही बिनसले, तर रांगच थांबवावी, ते काम रद्द करावे की थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा, हे त्यात ठरते. आमच्या रांगेचे धोरण 'थांबवा' असे होते. छपाई चालू असताना वीज गेली की काम अर्धवट राही, कप्स रांग थांबवी, आणि वीज परत आली तरी कोणी हाताने सुरू केल्याखेरीज ती सुरू होत नसे.

मी फालतू रांगा पुसल्या, उरलेल्या एकीचे धोरण 'पुन्हा प्रयत्न करा' असे बदलले आणि ती सुरू केली. चाचणीचे पान पाठवले. पडद्यावर 'काम पूर्ण' असे आले, कागद मात्र आला नाही.

इथे माझी खात्री पटली की बिघाड एक नसून दोन आहेत, आणि ते एकमेकांच्या आड लपलेले आहेत. मी नोंदवहीचा तपशील वाढवला. 'कप्स-सीटीएल' या आज्ञेला दोन उणे चिन्हे लावून 'डीबग-लॉगिंग' हा पर्याय (यातली जोडरेघ मात्र टंकायची) दिला की 'व्हार'मधील 'लॉग' फोल्डरात कप्सची जी एरर-लॉग फाईल असते तिच्यात प्रत्येक पायरीची नोंद होऊ लागते. (काम झाले की हा पर्याय आठवणीने बंद करावा, फाईल भराभर फुगते.) त्या नोंदींत चूक काहीच नव्हती. गाळण्या, म्हणजे मजकुराचे प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करणारे प्रोग्राम, व्यवस्थित चालल्या होत्या, माहिती तारेवरून प्रिंटरपर्यंत पोचली होती. म्हणजे प्रिंटरला पत्र मिळत होते, पण वाचता येत नव्हते.

त्याचे कारण प्रिंटरच्या जातीत आहे. काही लहान लेझर प्रिंटरांत स्वतःची बुद्धी जवळजवळ नसते. पानाचे चित्र तयार करण्याचे सारे काम संगणक करतो, आणि प्रिंटरचा स्वतःचा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, हाही त्याच्यात कायमचा कोरलेला नसतो. प्रिंटर चालू झाला की संगणकाने तो त्याला पाठवायचा असतो आणि तो प्रिंटरच्या तात्पुरत्या मेमरीत राहतो. आपल्याकडच्या कार्यालयांत सर्रास दिसणारा एचपी लेझरजेट 1020 याच रचनेचा आहे, आणि आमचा प्रिंटरही त्याच कुळीतला. हा दोष नव्हे, यंत्र स्वस्त व्हावे म्हणून केलेली योजना आहे. मात्र वीज गेली की प्रिंटर सारे विसरतो आणि ती परत आल्यावर त्याला पुन्हा शिकवावे लागते.

आमच्या वाचनालयात संगणक यूपीएसवर आहे, प्रिंटर नाही, आणि तेच योग्य आहे. लेझर प्रिंटरमध्ये शाईची भुकटी (टोनर) कागदावर भाजून बसवणारा रूळ तापताना शेकडो वॉट ओढतो. तो भार छोट्या यूपीएसवर टाकला तर यूपीएसच कोलमडतो. पण या व्यवस्थेमुळे वीज गेली की संगणक जागा राहतो आणि प्रिंटर तेवढा झोपून उठतो. संगणकाच्या दृष्टीने काही घडलेलेच नसते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा येते-जाते, त्यामुळे हा खेळही दिवसातून चार वेळा होई.

या जातीच्या प्रिंटरांसाठी लिनक्सवर 'फू-टू-झेडजेएस' नावाचा मुक्त ड्रायव्हर आहे. त्याच्यासोबत एक छोटी आज्ञा येते, 'यूएसबी-प्रिंटर-आयडी' (हिच्यात पहिल्या जोडरेघेच्या जागी अधोरेघ टंकावी). ती प्रिंटरला त्याची ओळख विचारते. फर्मवेअर पोचलेले असेल तर उत्तरात 'एफडब्ल्यूव्हीईआर' ही अक्षरे आणि पुढे आवृत्तीचा आकडा येतो. आमच्या उत्तरात ती अक्षरे नव्हती. तीन रविवारांचा घोळ त्या एका ओळीने संपवला.

प्रश्न उरला तो हा की फर्मवेअर आपोआप का जात नव्हते. उपकरण जोडले गेले की कोणती कृती करायची याचे नियम लिनक्समध्ये 'युडेव्ह' सांभाळतो, आणि या ड्रायव्हरसोबत तसा नियम येतोच. तो नियम फर्मवेअरची फाईल 'यूएसबी-एलपी' या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मोड्यूलने (सुट्या भागाने) तयार केलेल्या वाटेने पाठवतो. आमच्या यंत्रावर ते मोड्यूल काळ्या यादीत टाकलेले होते. ही आगळीक आधी कोणीतरी केली होती, पण तिला कारण होते. कप्सच्या 1.4 या मालिकेपासून यूएसबी प्रिंटरशी बोलण्याची पद्धत बदलली आणि ते मोड्यूल मध्ये आले की छपाई अडे, म्हणून त्या काळात ते मोड्यूल बंद करावे असा सल्ला सगळीकडे दिला जाई. पुढील आवृत्तींत कप्स स्वतःच त्याला बाजूला सारू लागली, पण सल्ल्याची ओळ आमच्या यंत्रात तशीच राहिली.

त्याच अनामिक माणसाने दुसरी एक तजवीजही केली होती. संगणक सुरू होताना चालणाऱ्या 'आरसी-लोकल' या फाईलमध्ये त्याने तीन ओळी लिहिल्या होत्या: मोड्यूल हाताने चालू करा, फर्मवेअर पाठवा, मोड्यूल काढून टाका. (काळी यादी फक्त आपोआप चालू होणे रोखते, हाताने चालू करायला तिची आडकाठी नसते.) काकांच्या उपायाचे रहस्य यात होते. संगणक सुरू होताना प्रिंटर आधीपासून चालू असेल तर त्याला फर्मवेअर मिळे. काकांनी संगणक सुरू करून मग प्रिंटरचे बटण दाबले तर ते मिळत नसे. त्या माणसाने शहाणपणानेच काम केले होते. त्याने विजेचा हिशेब तेवढा धरला नव्हता.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. काळ्या यादीतील ओळ आणि 'आरसी-लोकल'मधील तीन ओळी काढल्या आणि संगणक पुन्हा सुरू केला. मग प्रिंटरचा प्लग काढून लावला. दिवा लुकलुकला, आतला रूळ क्षणभर घरघरला, आणि ओळख विचारल्यावर ती पाच अक्षरे उत्तरात आली. त्यानंतर मी मुद्दाम पाच वेळा प्लग काढला आणि पाचही वेळा पान छापून घेतले.

याच निमित्ताने आणखी दोन तक्रारी मिटल्या. उताऱ्याच्या पानाचा तळ कापला जाई, कारण नव्याने जोडलेल्या रांगेचा कागद 'लेटर' या अमेरिकी आकाराचा ठरलेला होता. त्याची उंची 279 मिलिमीटर, तर ए4 ची 297. आकार बदलताच शेवटच्या ओळी दिसू लागल्या. दुसरी तक्रार अशी की कन्नड अर्जांत अक्षरांऐवजी चौकोन येतात. चौकोन पडद्यावरही होते, तेव्हा त्यात प्रिंटरचा संबंध नव्हता. यंत्रावर कन्नड फाँटच नव्हता. देवनागरी असलेल्या यंत्रावर कन्नड नसावी ही गोष्ट सीमाभागात तरी कोणाला पटणार नाही. मुदत संपलेल्या आवृत्तींची पॅकेजे 'ओल्ड-रिलीजेस' नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर हलवली जातात, म्हणून पत्त्यांची यादी त्यानुसार बदलली आणि लोहित कुळातील कन्नड फाँट बसवला. पावसात कागद दमट होऊन अडकतो, त्यावर मात्र आज्ञा नाही. काकांनी रीम आता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आहे.

नवी आवृत्ती का बसवत नाही, असे पुतण्याने विचारले. त्या प्रोसेसरवर उबुंटूची नवी आवृत्ती बसत नाही, हे एक कारण. शिवाय कप्सच्या तिसऱ्या पिढीत जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढून टाकायचे ठरले आहे, आणि आमच्यासारख्या प्रिंटरला तिथे वेगळ्या मध्यस्थ प्रोग्रामची गरज लागेल. तूर्त मी फर्मवेअरची फाईल, कप्सची मांडणी आणि त्या चार काढलेल्या ओळी एका पेनड्राइव्हवर घेतल्या आहेत. पेनड्राइव्ह काकांच्या खणात, वर्गणीच्या पावतीपुस्तकाखाली आहे.