टेक्सासची वीज, टेक्सासच्या गाड्या आणि ‘बाजार ठरवतो’ हा समज

अमेरिकेच्या ऊर्जाविषयक राजकारणाचे जे चित्र मराठी वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून आपल्यापर्यंत पोहोचते, ते फार सरळ असते: रिपब्लिकन पक्ष तेलवाल्यांचा, डेमोक्रॅटिक पक्ष पवनचक्क्यांचा, आणि सत्ता बदलली की देशाची वीजही बदलते. ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या माणसाला हे चित्र पटणे कठीण आहे. देशात सर्वाधिक कच्चे तेल काढणारे राज्य टेक्सास आहे आणि वाऱ्यापासून सर्वाधिक वीज निर्माण करणारे राज्यही टेक्सासच आहे. १९९४ नंतर येथे एकाही डेमोक्रॅट उमेदवाराला राज्यव्यापी निवडणूक जिंकता आलेली नाही, हे लक्षात घेतले म्हणजे पक्षावरून ऊर्जा ओळखण्याची ही पद्धत किती तोकडी आहे ते कळते.

येथील लोक याचे जे स्पष्टीकरण देतात, तेही मला मान्य नाही. ‘आमच्याकडे बाजार खुला आहे, वारा स्वस्त पडला म्हणून वारा वाढला’ असे ते अभिमानाने सांगतात. माझे मत असे आहे की बाजाराने स्वतःहून यातले फारच थोडे ठरवले. जे चांगले झाले ते सरकारने वेळेवर नियम केल्यामुळे झाले आणि जे भयंकर झाले ते नियम न केल्यामुळे झाले.

डॅलसहून आय-२० महामार्गाने पश्चिमेला निघाले की अ‍ॅबिलीन ओलांडल्यावर स्वीटवॉटरच्या आसपास पवनचक्क्या दिसू लागतात आणि त्या संपता संपत नाहीत. अनेक शेतांत खाली तेल उपसणारा पंप डोके हलवत असतो आणि वर पवनचक्कीचे पाते फिरत असते. जमिनीचा मालक एकच असतो व त्याला दोन्हीकडून पैसे मिळतात. हे दृश्य पाहून सर्वांना आश्चर्य वाटते, पण माझ्या मते अधिक पाहण्यासारखी गोष्ट त्या पात्यांच्या मागे क्षितिजापर्यंत गेलेले विजेचे मनोरे ही आहे. वारा पश्चिमेला, माणसे पूर्वेला, आणि मध्ये शेकडो किलोमीटर ओसाड माळ अशी या राज्याची रचना आहे. पवनचक्क्या एक-दोन वर्षांत उभ्या राहतात, पारेषण वाहिनीला मात्र त्याहून कितीतरी अधिक वर्षे लागतात. त्यामुळे वाहिनी नाही म्हणून चक्क्या नाहीत आणि चक्क्या नाहीत म्हणून वाहिनी नाही, या पेचात कोणतीही खासगी कंपनी अडकून राहिली असती.

तो पेच कायद्याने सोडवला. जॉर्ज डब्ल्यू. बुश गव्हर्नर असताना १९९९ मध्ये झालेल्या वीज कायद्यात अक्षय ऊर्जेचे बंधनकारक उद्दिष्ट घालण्यात आले आणि २००५ च्या कायद्याने राज्याने ठरवले की वाऱ्याचे पट्टे आधी निश्चित करायचे, तेथपर्यंत वाहिन्या आधी न्यायच्या, आणि खर्च सर्व ग्राहकांवर वाटायचा. सुमारे ७ अब्ज डॉलर खर्चून जवळजवळ ५,८०० किलोमीटर वाहिन्या २०१४ पर्यंत पूर्ण झाल्या. हा खर्च आमच्या वीजबिलातून गेला आणि तो योग्य होता असे मला मनापासून वाटते. परंतु ज्या निर्णयात मार्ग सरकारने आखला, खर्च सरकारने वाटला आणि परतावा नियामकाने निश्चित केला, त्याला खुल्या बाजाराचा विजय म्हणणे हे सत्याला धरून नाही.

आता दुसरी बाजू. टेक्सासचा बहुतांश भाग देशाच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन मोठ्या ग्रीडपासून अलिप्त आहे. ही अलिप्तता जाणीवपूर्वक जपलेली आहे, कारण वीज राज्याच्या सीमेबाहेर गेली की १९३५ च्या कायद्यानुसार केंद्राची देखरेख सुरू होते आणि ती येथील राज्यकर्त्यांना कधीच नको होती. ‘अर्कॉट’ ही संस्था हे ग्रीड चालवते आणि राज्याची सुमारे ९० टक्के मागणी तिच्याकडे आहे. १० ऑगस्ट २०२३ रोजी ही मागणी ८५,५०८ मेगावॅटपर्यंत गेली. तीन कोटी वस्तीच्या या राज्याची ही मागणी बारा कोटींहून अधिक वस्ती असलेल्या महाराष्ट्राच्या कमाल मागणीच्या अडीच पटींहून जास्त आहे. एवढ्यावरून येथील घराघरांतील वातानुकूलनाची कल्पना यावी.

फेब्रुवारी २०२१ मध्ये कडाक्याची थंडी आली आणि हे अलिप्त ग्रीड कोसळण्याच्या अगदी काठावर पोहोचले. नंतरच्या चौकशीत स्पष्ट झाले की ४ मिनिटे ३७ सेकंदांचा फरक राहिला होता. ४५ लाखांहून अधिक घरांची आणि आस्थापनांची वीज गेली. भारनियमन आपल्याला नवे नाही, पण आपल्याकडे गेलेली वीज चार-सहा तासांनी येते असा विश्वास असतो. येथे ती आळीपाळीने जाणार होती, प्रत्यक्षात ज्यांची गेली त्यांतील अनेकांची कित्येक दिवस आलीच नाही. लाकडी सांगाड्याची, पातळ भिंतींची घरे उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेली; पोटमाळ्यावरून गेलेल्या पाण्याच्या नळ्या गोठून फुटल्या आणि छतातून पाणी दिवाणखान्यात आले. आम्ही नळ बारीक धारेने चालू ठेवले, सगळी अंथरुणे एका खोलीत आणली, आणि फोन चार्ज करण्यासाठी गाडी गॅरेजमधून बाहेर काढून तिच्यात बसलो. गाडी बाहेर काढणे महत्त्वाचे होते, कारण त्या आठवड्यात बंद गॅरेजमध्ये ऊब घेण्यासाठी गाडी चालू ठेवणारी माणसे विषारी वायूने दगावली. त्याच रात्री शहराच्या मध्यभागातील रिकाम्या कार्यालयीन इमारती दिव्यांनी उजळलेल्या होत्या, कारण त्या इस्पितळांसारख्या अत्यावश्यक ग्राहकांच्या वाहिन्यांवर होत्या. राज्य सरकारच्या मोजणीनुसार २४६ माणसे मृत्युमुखी पडली.

या काळात गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी दूरचित्रवाणीवर वारा आणि सौरऊर्जेला दोष दिला. पवनचक्क्या गोठल्या हे खरे आहे. पण केंद्रीय चौकशीत आढळले की बंद पडलेल्या संचांत निम्म्याहून अधिक नैसर्गिक वायूवर चालणारे होते. वायूच्या विहिरींच्या तोंडाशी आणि नळ्यांत पाणी गोठले, वायूचा दाब घटला, आणि बे सिटीजवळच्या अणुवीज केंद्रातील एक संचही पाण्याची एक नळी गोठल्यामुळे बंद पडला. याहून संतापजनक बाब म्हणजे वायू पुढे ढकलणाऱ्या कित्येक केंद्रांनी आपली नोंद अत्यावश्यक ग्राहक म्हणून केलेलीच नव्हती. वीज वाचवण्यासाठी त्यांचीच वीज तोडण्यात आली, त्यामुळे वीजकेंद्रांना मिळणारा वायू आणखी घटला. २०११ च्या फेब्रुवारीत असाच प्रसंग येऊन गेला होता आणि केंद्रीय नियामकांनी हिवाळ्यापूर्वी यंत्रणा सज्ज करण्याची शिफारस केली होती. बंधन मात्र कोणी घातले नाही. पश्चिम ग्रीडला जोडलेल्या एल पासो शहराने २०११ नंतर तयारी केली होती, तेथे २०२१ मध्ये फारसा अंधार झाला नाही. बाजाराचे उत्तर होते किंमत: घाऊक दर प्रति युनिट ९ डॉलरच्या कमाल मर्यादेवर नेऊन ठेवला गेला. गोठलेली विहीर किमतीने वितळत नाही.

येथे मला एन्रॉन या ह्यूस्टनच्या ऊर्जा कंपनीची आठवण टाळता येत नाही. ह्यूस्टनच्या मध्यभागी स्मिथ स्ट्रीटवर तिचा उंच मनोरा आजही उभा आहे आणि त्याच्या समोरून जाताना बहुतेक अमेरिकनांना शेअर बाजारातील घोटाळा आठवतो. मराठी माणसाला गुहागर तालुका आठवतो. टेक्सासचा वीजबाजार खुला करण्यासाठी ज्या कंपनीने जोर लावला, त्याच कंपनीने गुहागरजवळच्या दाभोळ वीज प्रकल्पात मात्र बाजाराची जोखीम स्वतःकडे ठेवली नव्हती. वीज घेतली नाही तरी क्षमतेपोटी पैसे द्यावे लागणार, ते डॉलरशी बांधलेले असणार, आणि मागे सरकारची हमी असणार, असा तो करार होता. प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणा झाल्या, १९९५ मध्ये करार रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी झाल्या, आणि ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू होऊन २००१ मध्ये बंदही पडला. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाला तो बोजा पेलणारा नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली आणि तिचा पवनचक्क्यांचा व्यवसाय पुढच्या वर्षी जनरल इलेक्ट्रिकने विकत घेतला. म्हणजे कंपनी बुडाली तरी तिची पवनचक्क्यांची विद्या टिकली. गुहागरच्या वाट्याला मात्र तो करार आला.

गाड्यांच्या बाबतीतही मला हेच दिसते. आमच्या वसाहतीत दर दोन-तीन घरांपुढे एक पिकअप उभी असते, बहुतेकींच्या मागच्या हौद्यात कधी काही लादलेले दिसत नाही, आणि ‘अमेरिकन माणसाला मोठी गाडी आवडते’ असे म्हणून विषय संपवला जातो. आवड असेलही, पण ती घडवली गेली आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला म्हणून १९६४ मध्ये अमेरिकेने परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के आयातशुल्क लावले आणि ते आजही आहे; त्यामुळे डेट्रॉइटच्या कंपन्यांना पिकअपमध्ये जवळजवळ स्पर्धाच उरली नाही. तेलसंकटानंतर १९७५ मध्ये इंधनाच्या वापराचे निकष आले, त्यात ट्रकना मोटारींपेक्षा सौम्य वागणूक मिळाली, आणि मग कंपन्यांनी कुटुंबाची गाडीच ट्रकच्या सांगाड्यावर बांधायला सुरुवात केली. व्यवसायासाठी ६,००० पौंडांहून जड गाडी घेतली तर करात मोठी वजावट मिळते. पेट्रोलवरचा केंद्रीय कर गॅलनला १८.४ सेंट आहे आणि तो १९९३ पासून वाढलेला नाही. अर्धशतकभर कायदा एकाच दिशेने ढकलत राहिला, तर त्या दिशेला गेलेल्या ग्राहकाला स्वतंत्र निवड करणारा म्हणावे असे मला वाटत नाही.

विजेवरच्या गाड्यांना २०२२ च्या कायद्याने ७,५०० डॉलरपर्यंत करसवलत मिळाली आणि २०२५ च्या कायद्याने ती ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. शेवटच्या आठवड्यांत दालनांत गर्दी उसळली, नंतर मागणी ओसरली. सवलत असावी की नसावी यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात, परंतु जो कारखाना दहा वर्षांच्या हिशेबाने उभारायचा त्याच्या पायाखालची जमीन तीन वर्षांत काढून घेणे हे मला बेजबाबदार वाटते. टेक्सासने तर आणखी पुढे जाऊन विजेच्या गाडीवर वर्षाला २०० डॉलर शुल्क लावले आहे, नव्या गाडीला पहिल्या दोन वर्षांचे एकदम ४००. रस्त्याचा खर्च सर्वांनी उचलावा हे तत्त्व मला मान्य आहे. पण राज्याचा पेट्रोलकर गॅलनला २० सेंट आहे. २०० डॉलर भरायला पेट्रोलवाल्याला १,००० गॅलन जाळावे लागतील, म्हणजे गॅलनला ३० मैल धावणारी गाडी वर्षात ३०,००० मैल हाकावी लागेल, आणि सर्वसाधारण चालक त्याच्या निम्मेही अंतर कापत नाही. टेस्लाचे मुख्यालय आणि प्रचंड कारखाना ऑस्टिनला आहे, तरीही उत्पादकाने ग्राहकाला थेट गाडी विकण्यास राज्याच्या कायद्याने मनाई आहे, कारण वितरकांच्या संघटनेचे विधिमंडळात वजन आहे. खुल्या बाजाराचे गोडवे याच विधिमंडळात सर्वाधिक गायले जातात.

तरीही या विधिमंडळाला मी पूर्ण दोष देणार नाही. २०२५ मध्ये वारा आणि सौर प्रकल्पांवर जाचक अटी लादणारी विधेयके वरिष्ठ सभागृहात संमत झाली आणि कनिष्ठ सभागृहात अडली, कारण भाडे मिळवणारे ग्रामीण जमीनमालक आणि उद्योजक विरोधात उभे राहिले. २०२३ च्या उन्हाळ्यात संध्याकाळी वीज जपून वापरण्याची आवाहने वारंवार येत होती. २०२४ च्या उन्हाळ्यात ती आली नाहीत, आणि त्यात सौरऊर्जेचा आणि सूर्य मावळल्यावर ग्रीडला आधार देणाऱ्या मोठ्या बॅटऱ्यांचा वाटा मोठा आहे.

आता पुढचा प्रश्न डेटा सेंटरांचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी अ‍ॅबिलीनला उभे राहत असलेले संकुल जगभर बातमीत आहे. पेन्सिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचा २०१९ मध्ये बंद केलेला संच मायक्रोसॉफ्टला वीज विकण्यासाठी पुन्हा सुरू करण्याचा करार २०२४ मध्ये झाला, यावरून ही भूक किती आहे ते समजते. टेक्सासने २०२५ मध्ये कायदा करून ७५ मेगावॅट आणि त्याहून मोठ्या नव्या ग्राहकांना आणीबाणीत वीज कमी करण्याची अट घातली, आणि हा कायदा मला २०२१ नंतरचा सर्वांत शहाणपणाचा कायदा वाटतो. पण पारेषणाच्या खर्चाचा मुद्दा उरतोच. पश्चिमेकडील तेलक्षेत्राला आणि या नव्या ग्राहकांना वीज पोहोचवण्यासाठी ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्यांना एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आहे. तेल उपसायलाही आता ग्रीडची वीज लागते. पारेषणाचा खर्च जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील प्रत्येकी एका सर्वाधिक मागणीच्या पंधरा मिनिटांवरून वाटला जातो. ज्या मोठ्या ग्राहकाला ती पंधरा मिनिटे ओळखून यंत्रे बंद करता येतात, त्याच्यावरचा भार जवळजवळ नाहीसा होतो. त्याने टाळलेला हिस्सा ऑगस्टच्या दुपारी वातानुकूलन बंद न करू शकणाऱ्या घरांकडे वळतो. ७५ मेगावॅटच्या त्या कायद्यानेच या पद्धतीचा फेरविचार करण्याची जबाबदारी राज्याच्या पब्लिक युटिलिटी कमिशनवर टाकली आहे, म्हणजे आपल्याकडील वीज नियामक आयोगासारख्या संस्थेवर. वर्षभर वाहिनी वापरणाऱ्याने वर्षभराचे पैसे द्यावेत, एवढीच माझी मागणी आहे आणि कमिशनच्या या निर्णयाकडे मी अध्यक्षीय निवडणुकीपेक्षा अधिक लक्ष देऊन पाहणार आहे.