तक्त्यात पहिली आलेली पेस्ट

मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या काकांच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५.९, म्हणजे प्रमाणाबाहेर आलं. दुबळी मूत्रपिंडं ते पुरेसं बाहेर टाकू शकत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी त्यांना तडक माझ्याकडे, आहारतज्ज्ञाकडे, पाठवलं. केळी, बटाटे, फळांचे रस तर त्यांच्या आहारातून मी कधीच काढले होते. मग वाढलं कशानं? सोबत आलेल्या मुलीनं पिशवीतून टोमॅटोचे डबे आणि एक वही काढून टेबलावर मांडली. "मॅडम, मी सगळं तपासूनच निवडलंय."

तपासलं होतं खरंच. सोललेले अख्खे टोमॅटो, प्युरी, पेस्ट आणि केचप, प्रत्येकाचे १०० ग्रॅममागचे आकडे सुवाच्य अक्षरात. केचप पहिल्याच फेरीत बाद: २० ग्रॅमच्या वर साखर, सोडियम ९०० मिलिग्रॅमच्या आसपास. उरलेल्यांत प्रथिनं, तंतू, लोह, क जीवनसत्त्व, लायकोपिन (टोमॅटोला लाल रंग देणारं द्रव्य), सगळीकडे पेस्ट पहिली. शिवाय डब्यावर ठळक अक्षरात 'मीठ घातलेले नाही'. म्हणून काकांना रोज अर्ध्या डब्याचं सूप.

वहीतला एकही आकडा चुकलेला नव्हता. पण अख्ख्या टोमॅटोच्या डब्यात साधारण ९४ टक्के पाणी असतं आणि पेस्टमध्ये ७४. कोडेक्स या खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकात टोमॅटोचे विद्राव्य (पाण्यात विरघळलेले) घटक किमान २४ टक्के असले की पेस्ट, किमान ७ पण २४ च्या आत असले की प्युरी. पाणी आटवल्यावर १०० ग्रॅममध्ये सगळंच जास्त भरणार, त्यात पेस्टचं कौतुक ते काय?

मी तिच्याच वहीत एक रकाना वाढवला. ताज्या टोमॅटोत क जीवनसत्त्व सुमारे १४ मिलिग्रॅम. पेस्टमध्ये पाणी सोडून उरणारा ऐवज जवळपास पाचपट, म्हणजे ६५ च्या पुढे जायला हवं. आहे २२. बाकीचं तापवण्या-आटवण्यात गेलं. लायकोपिनचं उलट: पाचपटीच्या हिशेबानं १२-१३ मिलिग्रॅम यावं, तर पेस्टमध्ये २८ च्या आसपास. डबाबंद उत्पादनांसाठी गर्द लाल वाण घेतात. त्यात शिजवल्यानं पेशींच्या भिंती फुटतात आणि थोडं तेल असलं की ते शरीरात जास्त शोषलं जातं. मुलगी खूश झाली. मला मात्र पुढचा रकाना आखायचा होता.

पोटॅशियम तिच्या तक्त्यात नव्हतंच, कारण डब्यावरच छापलेलं नव्हतं. उष्णतेनं ते नष्ट होत नाही, आटवलं की साचत जातं. पेस्टमध्ये १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या घरात. १७० ग्रॅमच्या डब्यात सतराशे, काकांच्या वाडग्यात साडेआठशे. 'मीठ घातलेले नाही' हे फक्त सोडियमबद्दल सांगतं. काका इतका वेळ गप्प होते, तेव्हा म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, सूप नको."

पेस्ट बंद केली. टोमॅटो हवाच असेल तर अख्ख्यांच्या डब्यातले एक-दोन, तेही डब्यातला रस ओतून देऊन, कारण काही पोटॅशियम त्या रसात उतरलेलं असतं. पेस्टचे उरलेले डबे मुलीनं स्वतः वापरावेत म्हटलं, तिची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. पुढच्या तपासणीत पोटॅशियम खाली आलं होतं. मात्र मधल्या काळात डॉक्टरांनी एक गोळीही बदलली होती, त्यामुळे किती श्रेय सुपाचं आणि किती गोळीचं, हे मी फाइलमध्ये लिहिलं नाही.