‘सोड’ म्हटलं की सोडायचं

तांबीला घरात आणलं तेव्हा ती आठ आठवड्यांची होती आणि आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये पहिला माल पडायला चार दिवस उरले होते. तासगाव भागातल्या माणसाला एवढं सांगितलं की महिना कळतो. फेब्रुवारी.

शेडच्या मागं रिकाम्या क्रेटची थप्पी असते. तिच्या आडोशाला गावातली एक कुत्री डिसेंबरात व्यायली होती. चार पिल्लं. त्यातली दोन पार्वो या कुत्र्यांच्या रोगानं गेली, रक्ताची हगवण लागून दोन दिवसांत. एक शेजारच्या मळ्यात गेलं. राहिली ती ही. तांबूस अंग, पांढरे पंजे आणि डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या. मुलीनं नाव ठेवलं, तांबी.

आमच्याकडं कुत्रं कधी नव्हतं असं नाही. गोठ्यापाशी साखळीला एक मोत्या असायचाच, तो गेला की दुसरा मोत्या. त्याला शिळी भाकरी आणि राखणीचं काम. कुत्र्याला काही शिकवायचं असतं ही गोष्टच घरात नवीन होती. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “आगं, कुत्र्याला कुठं शिकवायचं असतंय? अनोळखी दिसला की भुंकतंय, झालं की.” आणि पिल्लू उंबऱ्याशी आलं की तोंडातून आपोआप शब्द यायचा, “हाड!” त्यात राग नव्हता. गावाकडं कुत्र्याशी बोलायचा तो पहिला शब्दच आहे. पण पिल्लू कान पाडून मागं सरकायचं ते बघून मला कसंतरी व्हायचं.

पहिल्या लसीला सांगलीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि मी त्या दोन्ही मनापासून धरून ठेवल्या. पहिली अशी की पिल्लाचे तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस फार मोलाचे. त्या दिवसांत जे बघेल, ऐकेल, हुंगेल त्याची सवय होते, आणि जे राहून जातं त्याची पुढं भीती बसू शकते. पण लसीचे डोस पुरे होईपर्यंत बाहेरच्या जमिनीवर सोडायचं नाही, विशेषतः ज्या जागी पार्वो होऊन गेलाय तिथं तर नाहीच. म्हणजे जग दाखवायचं, पण पाय टेकू द्यायचे नाहीत. मग मी तिला ओढणीत बांधून फिरवली. ट्रॅक्टरला लावलेला, बागेत औषध फवारायचा ब्लोअर सुरू असताना लांब बांधावर उभी राहायचे आणि तिला उकडलेल्या अंड्याचा कण कण भरवायचे. रोज चार पावलं जवळ. दुधाची गाडी, एसटी, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारे म्हातारे, शाळा सुटल्यावरचा पोरांचा लोंढा, सगळं तिनं माझ्या छातीशी बसून पाहिलं. आज ब्लोअर तिच्या शेजारून गेला तरी ती मान वर करत नाही. फटाके मात्र माझ्याकडून राहिले. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोण फटाके उडवतं? आता दिवाळीत ती पलंगाखाली थरथरत बसते आणि मी तिच्याजवळ जमिनीवर आडवी होते. त्या वेळी मोबाइलवर बारीक आवाजात फटाके ऐकवत, हळूहळू आवाज वाढवत नेला असता तर फरक पडला असता. पिल्लू आणणाऱ्यांनी एवढं तरी कराच.

दुसरी गोष्ट डॉक्टरांनी विचारली ती अशी, “गाव कुठलं?” मी सांगितलं, आणि बेदाण्याचं शेड आहे हेही सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. म्हणाले, “द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विष आहे. मूत्रपिंड निकामी होतं. तुमच्याकडं तर ते पायाखाली असतात.”

मला तोवर हे माहीत नव्हतं. लग्न होऊन बारा वर्षं या धंद्यात आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या कुत्र्यापुढं चार बेदाणे टाकणारी माणसं रोज बघते, मीही टाकलेत.

तरीही पहिला महिना आम्ही भलत्याच गोष्टींमागं घालवला. बाहेर शी-शू करायला तांबी लवकर शिकली. झोपून उठली, खाल्लं, खेळून दमली, की लगेच उचलून दारातल्या चिंचेखाली न्यायची आणि तिथं काम झालं की त्याच जागेवर शाबासकी द्यायची, एवढंच ते आहे. घरात चुकून झालं तर नाक घासा म्हणणारे पाचजण भेटले. मी नाही घासलं. त्यानं पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, मग ते कपाटामागं जाऊन करतं.

खरी अडचण शब्दांची झाली. मुलगा म्हणायचा ‘सिट’, मुलगी ‘बस’, मामा, म्हणजे सासरे, ‘बस खाली’. आम्ही ठरवलं, सगळ्यांनी ‘बस’ म्हणायचं. पण ‘बस’ हा शब्द आपल्या घरात दिवसभर उडत असतो. वाढताना ‘बस, बस, पुरे’, पाहुणा आला की ‘बसा की’, भांडणात ‘बस झालं आता’, सकाळी ‘बस चुकली का?’ तांबी सुरुवातीला प्रत्येक वेळी बसायची आणि तोंडाकडं बघायची. कुणी काही देत नाही म्हटल्यावर आठवडाभरात तिनं त्या शब्दाकडं लक्ष देणंच सोडलं. चूक तिची नव्हती. ज्या शब्दामागं दहातल्या नऊ वेळा काही घडत नाही, तो तिच्यासाठी नुसता आवाज होता.

‘थांब’चं आणखी वेगळं. ‘तांबी’ आणि ‘थांब’ तिच्या कानाला जवळजवळ सारखेच. ‘थांब’ म्हटलं की ती पळत जवळ यायची, कारण तिला वाटायचं हाक मारली. ट्रॅक्टरच्या वाटेवर हे जिवावर बेतणारं होतं. तोडगा मामांनी काढला, तोही न ठरवता. ती रस्त्याकडं सुटली आणि त्यांच्या तोंडून बैलाला घालायची हाक निघाली, “होऽऽ!” भरदार, लांब, खालच्या पट्टीत. तांबी जागेवर उभी. तेव्हापासून आमच्याकडं ‘थांब’ला ‘होऽऽ’ आहे. आणि बसायला शब्दच नाही, तळहात वर करून दाखवायचा. कुत्री आवाजापेक्षा हातवारे पटकन पकडतात हे मला तेव्हा कळलं. नाव ठेवण्याआधी कुणी सांगितलं असतं तर मी दुसरं नाव ठेवलं असतं.

आता बेदाण्याचं.

मार्चचा शेवटचा आठवडा. रॅकवर माल टाकून साधारण पंधरा दिवस झाले की तो सुकतो, मग झाडणी करतात, जाळ्या हलवून बेदाणा खाली पाडतात. त्या दिवशी शेडमध्ये सगळीकडं बेदाणा असतो, ताडपत्रीवर, चपलांना चिकटलेला, दारापर्यंत सांडलेला. तांबीला घरी बांधून आलो होतो. मुलानं शाळेतून येऊन तिला सोडलं आणि ती त्याच्या मागं शेडवर आली. मी बघितलं तेव्हा ती खालच्या रॅकखाली तोंड घालून भराभरा गिळत होती.

“सोड! तांबी, सोड!” मी ओरडले. मुलगाही ओरडत धावला. आणि तिनं काय केलं असेल? शेपूट वर करून तोंड भरलं आणि पळत सुटली. कारण महिनाभर आमच्या घरात ‘सोड’ हा खेळ होता. तिनं चप्पल उचलायची, मुलांनी ‘सोड, सोड’ करत मागं धावायचं, पकडलं की जबडा उघडून काढून घ्यायचं. तिच्या लेखी ‘सोड’ म्हणजे पळ, किंवा लवकर गिळ. हे आम्हीच तिला शिकवलं होतं, रोज, न चुकता.

मूठभर तरी गेले असतील. वजन तिचं तेव्हा सात किलो. घरी आणली तर आत्यांनी तांब्यात मीठ-पाणी कालवलेलं. माणसानं विष घेतलं की पूर्वी हेच करायचे. मी डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले, मीठ अजिबात पाजू नका, रक्तात मीठ वाढून तेच जिवावर बेतेल, आहात तशा निघा. पाऊण तासाचा रस्ता. ती माझ्या मांडीवर मजेत बसून खिडकीबाहेर बघत होती. हेच घात करतं. पहिल्या काही तासांत कुत्रं ठणठणीत दिसतं. मग उलट्या, मलूलपणा, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत होत बंद. तोवर उपचाराची वेळ बरीचशी गेलेली असते.

त्यांनी औषध देऊन उलटी करवली. पोटात फुगून टपोरे झालेले बेदाणे बाहेर आले. मग कोळशाची पूड पाजली, दोन दिवस सलाईन, आणि तीन दिवस रोज रक्तातलं क्रिएटिनिन बघणं, मूत्रपिंड बिघडलं की ते वाढतं. यावर उतारा असा नाही. आकडा वाढला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, न्या घरी. मी गाडीत बसून रडले.

मग डॉक्टरांना विचारून, वाचून, जे समजलं ते असं. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल हे कारण असावं, असा अंदाज अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी २०२१ मध्ये मांडला. चिंचेतही तेच आम्ल भरपूर, म्हणून चिंचेखालची जागाही आम्ही बदलली, आता ती कडुलिंबाखाली जाते. किती बेदाणे चालतात याचं माप नाही. एखादं कुत्रं वाटीभर पचवतं, दुसरं थोडक्यात जातं. ‘आमच्या मोत्यानं जन्मभर खाल्ले’ हे खरं असेल, पण त्यावरून दुसऱ्या कुत्र्याचं काही सांगता येत नाही. आणि ताज्या द्राक्षापेक्षा बेदाणा वाईट, कारण साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. तेवढ्याच मुठीत कितीतरी जास्त मावतं.

घरी आल्यावर मी ‘सोड’ पहिल्यापासून शिकवायला घेतलं. आधी घराला. कुणीही तिच्या मागं धावायचं नाही. कुणीही जबड्यात हात घालायचा नाही. शब्द एकदाच म्हणायचा. आणि चप्पल, मोजा, वही, काहीही तोंडात असो, सोडलं की त्याहून चांगलं तिला मिळालंच पाहिजे.

बंद मुठीत फुटाणे धरायचे. ती चाटणार, पंजा मारणार, दातानं खरवडणार. हात हलवायचा नाही, बोलायचं नाही. कंटाळून नाक मागं घेतलं त्या क्षणी दुसऱ्या हातातून चिकनचा तुकडा. मुठीतला फुटाणा कधीच द्यायचा नाही, कारण बेदाणाही कधीच मिळणार नाहीये. चार दिवसांत मूठ दिसली की ती स्वतः मागं व्हायला लागली, तेव्हा कुठं शब्द जोडला, ‘सोड’. मग मूठ उघडी. मग फुटाणे जमिनीवर, माझ्या पायाजवळ, म्हणजे झेपावली तर झाकता यावेत. मग चालता चालता. मग मुलानं, मग मामांनी. शेवटी आत्यांनी. त्या आधी म्हणाल्या, “माझं कशाला ऐकतंय ते?” पण त्यांनी शब्द टाकला, तांबीनं फुटाण्यावरून नजर काढून त्यांच्या तोंडाकडं बघितलं, आणि आत्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून ‘हाड’ मी ऐकलेलं नाही. रोज दहा मिनिटं, तीन महिने लागले, मध्ये दात बदलत होते तेव्हा आठ दिवस सगळं विसरल्यासारखं झालं होतं. त्या काळात फ्रीजमधलं गार गाजर चावायला द्यायचे आणि शिकवणी अर्धीच घ्यायचे.

शब्दावर मी सगळा भरवसा टाकत नाही. हंगामात शेडवर यायचंच झालं तर तिला मुसकं असतं. दुकानात त्याला मझल म्हणतात, मामा मुसकंच म्हणतात, मळणीत बैलांना बांधायचे तसं. जाळीदार, तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल एवढं मोठं घेतलंय. तेही एका दिवसात चढवलं नाही. आत अंडं ठेवून, तिनं आपणहून तोंड घालेपर्यंत पंधरा दिवस वाट बघितली.

यंदाच्या मार्चमध्ये तांबी सव्वादोन वर्षांची झाली. झाडणी संपून जाळ्या गुंडाळल्यावर मुसकं काढलं होतं. मुलाच्या हातातून बेदाण्याचा डबा निसटला, तिच्या पुढ्यातच. तिनं नाक खाली नेलं. मी शेडच्या दुसऱ्या टोकाला होते, तोंड उघडेपर्यंत मागून आत्यांचा आवाज आला, नेहमीचाच, न चढवता, “सोड.” तांबी वळली आणि त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. आत्यांच्या हातात काहीच नव्हतं. त्यांनी कमरेची चंची उघडून बघितली, मग मला हाक मारली, “आगं, अंडं आण की लवकर. थांबलीय बघ ती.”

दारातून हे बघत उभ्या असलेल्या निवडणीच्या बायकांपैकी एकीच्या मुठीत दोन-चार बेदाणे होते, बाहेरच्या पांढऱ्या कुत्र्यासाठी. आत्या तिच्याकडं गेल्या, हात धरला आणि तिला बाजूला बसवून पहिल्यापासून सांगायला लागल्या.