खर्जातला स्वर कुठे थांबतो

बारा वर्षांपूर्वी पुण्यात भावगीतांच्या एका कार्यक्रमाच्या तालमीला मी बेस गिटार घेऊन बसलो होतो. अंगठ्याने तार ठोकायची आणि तर्जनीने ती ओढून सोडायची, या वादनाला आम्ही वादक स्लॅप म्हणतो. त्या काळात मी त्याचा रोज तीन-तीन तास रियाज करत असे आणि हाताला आलेली ती तयारी गाण्यात जिथे जागा दिसेल तिथे ओतत असे. दुसरा अंतरा संपल्यावर गायिकाबाई थांबल्या आणि आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "दादा, तुमचा हात फार सुंदर चालतो, पण मला सा सापडत नाही." तालीम पुढे सुरू झाली. ते वाक्य मात्र मी घरी घेऊन आलो, आणि बेस गिटारमध्ये संगीत नेमके कुठे असते या प्रश्नाकडे मी पुन्हा पुन्हा वळत आलो आहे तो तेव्हापासून.

तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला बेसचे काम वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वर गाणे कुठेही फिरत असले तरी घर कुठे आहे हे खालून सांगत राहायचे, आणि त्याच वेळी ड्रमच्या ठेक्याशी जुळून चालायचे, ही त्याची दुहेरी जबाबदारी आहे. हे काम वेगात का बिघडते, याचे कारण ध्वनीच्या साध्या हिशेबात सापडते. चार तारांपैकी सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर ती सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेत चार स्वर वाजवले, तर प्रत्येक स्वराच्या वाट्याला सेकंदाचा आठवा भाग येतो, आणि तेवढ्या वेळात त्या तारेची जेमतेम पाच कंपने पूर्ण होतात. पाच कंपनांत कानाला आघात कळतो. स्वर नीट ठसायला तेवढा अवधी जेमतेम असतो. म्हणूनच वेगाचे प्रदर्शन करू पाहणारा बेसवादक आपोआप बारीक तारांकडे आणि वाद्याच्या गळ्यावरच्या उंच स्वरांकडे सरकतो, कारण तिथे द्रुत स्वर स्पष्ट ऐकू येतात. तो वर गेला की खर्ज रिकामा पडतो. त्या दिवशी माझ्याकडून झाले होते ते हेच.

यावर वादकांच्या गप्पांत हमखास दिला जाणारा सल्ला म्हणजे "कमी वाजवा". बरीच वर्षे मीही तो मानला. आता मला तो अपुराच नव्हे, तर दिशाभूल करणारा वाटतो, आणि याला कारण जेम्स जेमर्सन आहे.

डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या १९६०च्या दशकातील असंख्य गाण्यांत ज्याचा बेस आहे, तो हा माणूस कमी वाजवणारा अजिबात नव्हता. त्याच्या ओळी सतत हलत असतात, मात्रेच्या अलीकडे-पलीकडे पडतात, दोन मुख्य स्वरांमधल्या अर्ध्या स्वरांवरून पाय टेकत जातात, आणि मोकळी तार मध्येच अशा ठिकाणी वाजते की ती लिहून काढणाऱ्याला चूक वाटावी. हे सारे तो उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवत असे. तो मूळचा उभ्या, मोठ्या डबल बेसचा वादक होता आणि ते बोट त्याने तिथूनच आणले होते. त्याच्या १९६२च्या फेंडर प्रिसिजन बेसवर सपाट गुंडाळणीच्या जाड तारा होत्या, ज्या तो बदलत नसे, आणि तारांच्या टोकाशी, झाकणाखाली, फोमचा तुकडा दाबलेला असे. परिणामी छेडलेला स्वर भरीव उमटायचा आणि लवकर विझायचा. दोन स्वरांच्या मध्ये त्यामुळे जी फट राहायची, तिच्यात ड्रमचा ठोका आणि गायकाचा शब्द स्वच्छ ऐकू यायचा. इतके स्वर वाजवूनही तो कोणाच्या वाटेत येत नाही, याचे रहस्य मला त्या फटींत दिसते. किती स्वर वाजले यापेक्षा प्रत्येक स्वर कुठे संपला हे मोजायला हवे, हे मी त्याच्याकडून शिकलो.

मार्विन गे यांच्या १९७१च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमच्या शीर्षकगीतातला बेस ऐकताना हे सर्वांत चांगले समजते. गायकाने ओळ सोडली की बेस दोन पावले पुढे येतो, आणि पुढची ओळ सुरू होण्यापूर्वीच घरी परतलेला असतो. उत्तम तबलजी ख्यालाच्या साथीत गायकाचा श्वास ओळखून दोन मात्रांत छोटासा तुकडा टाकतो आणि सम येण्याआधी ठेक्यावर येऊन उभा असतो, तशीच ही जाण आहे. मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापत नसत. या अल्बमवर ती छापली गेली आणि जेमर्सनचे नाव तर विशेषणासह आले. तोपर्यंत लक्षावधी लोकांनी त्याचे वादन ऐकलेले होते, पण तो कोण हे त्यांना माहीत नव्हते. १९८३ साली तो गेला. त्याचे इतकी वर्षे अनाम राहणे मला आजही अस्वस्थ करते.

ज्या स्लॅपमुळे मला ते वाक्य ऐकावे लागले, त्याचा जन्मही दिखाऊपणातून झालेला नाही. अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहम तरुणपणी आपल्या आईबरोबर वाजवत असे आणि त्यांच्याजवळ ड्रमवादक नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी त्याने अंगठ्याने जाड तार ठोकून किक ड्रमचे, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाचे, काम केले आणि बोटाने बारीक तार ओढून स्नेअर या खणखणीत ड्रमचे. गाण्याची गरज होती म्हणून ते तंत्र निघाले. त्याच ग्रॅहमने १९६८ साली स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडच्या 'एव्हरीडे पीपल' या गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच स्वर वाजवला आहे. ज्याच्या हाताला इतकी तयारी होती, त्याने एकाच स्वरावर समाधान मानले. तो एक स्वर इतक्या ठाम लयीत आणि इतक्या सारख्या लांबीने येतो, की मला त्यात कसलीही उणीव जाणवत नाही.

आता जाको पास्टोरियस. या विषयावर बोलणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्याच्यापाशी येतो, कारण तयारी आणि संगीत यांच्यात भिंत घालणारी सगळी विधाने त्याच्यापाशी कोलमडतात. १९५१ साली जन्मलेला जाको फ्लोरिडात वाढला. वडील गायक आणि ड्रमवादक. तो स्वतःही आधी ड्रमच वाजवायचा, पण फुटबॉल खेळताना मनगटाला दुखापत झाली आणि तो बेसकडे वळला. त्याच्या प्रसिद्ध फेंडर जॅझ बेसच्या गळ्यावर फ्रेट, म्हणजे सतारीवर ज्यांना आपण पडदे म्हणतो ते, नव्हते. खरखरीत गुंडाळणीच्या तारांनी लाकूड झिजू नये म्हणून त्या गळ्यावर बोटींसाठी वापरतात त्या इपॉक्सीचा कडक थर दिलेला होता. या थराने एक गोष्ट झाली, जिचे महत्त्व मला फार उशिरा कळले: स्वर लांब टिकू लागला. जेमर्सनचा स्वर आपोआप विझत होता, तर जाकोचा स्वर वादकाने थांबवल्याशिवाय थांबत नव्हता. पडदे नसल्यामुळे त्याला मींड मिळाली, स्वर हलवता आला, आणि त्याच्या अंताची संपूर्ण जबाबदारी डाव्या हाताच्या बोटांवर येऊन पडली.

१९७६च्या त्याच्या पहिल्या अल्बमची सुरुवात 'डॉना ली' या बीबॉप नावाच्या द्रुत जॅझ शैलीच्या काळातल्या रचनेने होते. चार्ली पार्कर यांच्या सॅक्सोफोनसाठी ओळखली जाणारी ही वळणावळणाची द्रुत चाल जाको बेसवर वाजवतो आणि सोबतीला आहेत फक्त डॉन अलायस यांचे कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचे उंच ढोल. वादकांनी या ध्वनिमुद्रणाच्या वेगाची चर्चा आयुष्यभर केली आहे. मी स्वतः त्याचे पहिल्या आठ आवर्तनांइतके तुकडे हळू लयीत बसवण्यात एक पूर्ण पावसाळा घालवला, आणि त्या काळात मला वेगापेक्षा वेगळेच काही ऐकू येऊ लागले. जाको फुंकून वाजवायच्या वाद्याप्रमाणे श्वास घेतो. वाक्य संपते, थोडी जागा राहते, कोंगा बोलतात, मग पुढचे वाक्य येते. तारेच्या वाद्याला श्वासाची गरज नसते, त्यामुळे वादकाच्या हातून अखंड माळ ओवली जाण्याचा धोका कायम असतो. जाकोने श्वास स्वतःहून लावून घेतला आहे. ओळीतल्या सगळ्या स्वरांना तो सारखे वजनही देत नाही. काही नुसते स्पर्शून जातात, काहींवर तो टेकतो. आपल्याकडे तानेचे कौतुक करताना जाणकार श्रोते तिच्या दाणेदारपणाबरोबर तिचा डौल पाहतात. ही नजर इथे तशीच्या तशी लागू पडते.

त्याच अल्बममधली 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' ही सुमारे अडीच मिनिटांची रचना मला त्याहून जास्त प्रिय आहे. तार पूर्ण न दाबता ठरावीक बिंदूवर नुसते बोट टेकवले की घंटेसारखा जो उंच स्वर निघतो, त्या हार्मोनिक्सवर ही रचना उभी आहे. खाली मोकळे किंवा दाबलेले खर्जाचे स्वर आणि वर तरंगणारे हे घंटानाद, असे एकाच हाताने सांभाळताना बोटे इतकी ताणावी लागतात की मला ती आजही पूर्ण जमत नाही. तंत्राच्या दृष्टीने ही त्या काळातली चकित करणारी गोष्ट होती. तरीही घरात कोणाला तो तुकडा ऐकवला, तर कोणी "हे वाजवतात कसे?" असे आधी विचारत नाही. ऐकणारे गप्प होतात. माझ्या दृष्टीने ही सर्वांत विश्वासार्ह कसोटी आहे: तंत्राविषयीचा प्रश्न स्वर विरल्यानंतर मनात आला, तर तंत्राने आपले काम चोख केले.

पण जाको सर्वत्र असाच आहे असे म्हणणे खोटेपणाचे होईल. वेदर रिपोर्ट या जॅझ बँडच्या १९७९च्या '८:३०' या अल्बमवर त्याचे एकट्याचे मंचीय वादन आहे, ज्यात तो वाजवलेले पुन्हा ऐकवणाऱ्या विलंब-यंत्रावर एक आवर्तन फिरते ठेवून त्यावर वाजवतो. ते ऐकताना मला प्रेक्षागृह दिसते, टाळ्यांची अपेक्षा दिसते, आणि मी थोडा बाहेर उभा राहतो. याउलट १९७६ सालच्याच जोनी मिचेल यांच्या 'हेजिरा' अल्बममधली नऊपैकी चार गाणी घ्या, ज्यांत जाको आहे. तिथे गिटार आणि आवाज यांच्या सोबतीला त्याचा बेस दुसऱ्या गायकासारखा येतो. तो पायाचे स्वर ठोकत बसत नाही, गायिकेच्या वाक्याच्या शेपटाला एखादी मींड जोडतो, आणि कित्येकदा ओळभर शांत राहतो. ज्याला सगळे काही वाजवता येते त्याचे ते शांत राहणे ऐकण्यासाठी मी हा अल्बम पुन्हा पुन्हा लावतो.

आजच्या काळात या प्रश्नाला एक नवी बाजू जोडली गेली आहे, ती म्हणजे मोबाइल. त्याच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्जाचे मूळ कंपन जवळजवळ बाहेर पडतच नाही. कान वरच्या स्वरांशांवरून त्याचा अंदाज बांधतो. अशा स्पीकरवर अर्ध्या-एक मिनिटाचे चित्रण बघणाऱ्याला लांब धरलेला खालचा स्वर ऐकूच येत नाही, मात्र अंगठ्याची खणखण आणि वरच्या तारांवरची धावपळ स्पष्ट पोहोचते. त्यामुळे आज बेस शिकणारी मुले जे बघतात त्यात बेसचे मुख्य अंगच गाळले जाते. दोष मुलांचा नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी हेडफोन आणायला सांगतो.

तरीही वेगवान वादनाला सरसकट नाकारणे मला जमत नाही, आणि त्याचे जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. १९९६ साली जन्मलेली, बेसवादक वडिलांकडून लहानपणी शिकलेली, रणजित बारोट आणि ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजवलेली मोहिनी डे अतिशय द्रुत वाजवते. पण तिच्या बोटांमागे दाक्षिणात्य कोन्नकोलचे बोल आहेत. ती ते तोंडाने म्हणते आणि तसेच्या तसे तारेवर आणते. बोल तोंडात असले की द्रुत वादनालाही वाक्य असते, यती असते, आणि समेची ओढ असते. जे तोंडाने म्हणता येत नाही ते वाजवायचे नाही, हा नियम मी तिचे वादन पाहून स्वतःला घालून घेतला. माझ्या जुन्या स्लॅपच्या तुकड्यांपैकी निम्म्याहून अधिक त्या नियमात बसले नाहीत, आणि मी ते सोडून दिले.

सध्या मी 'व्हॉट्स गोइंग ऑन'ची ओळ जेमर्सनसारखी एकट्या तर्जनीने बसवतो आहे, आणि त्यासाठी तारांच्या टोकाशी फोमचा तुकडाही दाबला आहे. स्वर सगळे पाठ झाले आहेत, लयही आता डगमगत नाही. पण गायकाचा शब्द सुरू होण्याच्या क्षणी बेसचा स्वर जिथे विझायला हवा, तिथे माझा स्वर अजून केसभर लांबतो. काल रात्री मुद्रण ऐकले, तेव्हा पहिल्या कडव्यात हे तीन ठिकाणी झाले होते. मागच्या आठवड्यात ती ठिकाणे सात होती.