उक्तं दिलेली जमीन

लोभावरच्या कथा शिकवायला सोप्या, असं आमच्या स्टाफरूममध्ये सगळेच म्हणतात. माणूस हावरट, शेवटी त्याची माती, मुलं मान डोलावतात, तास संपतो. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात बी.ए.च्या वर्गावर परवा टॉल्स्टॉयची १८८६ सालची ‘माणसाला किती जमीन लागते?’ घेतली आणि यातलं काहीच झालं नाही.

पाहोम नावाचा शेतकरी रशियातल्या बश्कीर लोकांच्या मुलखात जमीन घ्यायला जातो. त्यांचा मुखिया सांगतो, भाव एकच, दिवसाला हजार रूबल. दिवसभरात पायी जेवढ्या रानाला वेढा घालशील तेवढं तुझं. मात्र निघालास तिथे सूर्य मावळायच्या आत परत ये, नाहीतर पैसे बुडाले. जमीन खसखशीसारखी काळी, असं वाचलं आणि पहिलाच खोडा: “सर, खसखस पांढरी असते की!” तिकडची काळपट असते, एवढं सांगून पुढे सरकलो.

पाहोम वळणार, तेवढ्यात त्याला एक ओलसर खोलगट तुकडा दिसतो. इथे जवस छान येईल, सोडायचा कसा? तो तुकडा आत घेऊनच तो वळतो. मी फळ्यावर ‘लोभ’ लिहिलं. मंगळवेढ्याकडचा एक मुलगा उठला. “ह्याला लोभ नका म्हणू सर. आमची ज्वारी नुसत्या ओलीवर येते. ओल दिसली की शेतकऱ्याचा पाय वळणारच.” मला ते पुरतं पटलं नाही, पण कथेतली सगळ्यात जिवंत जागा पोराने बरोबर हेरली होती. हाव अशीच येते, शहाण्या हिशेबाचा सदरा घालून.

शेवटी सूर्य मावळायला येतो, पाहोम जीव तोडून पळत परत पोचतो आणि तिथेच कोसळून मरतो. मग मागच्या बाकावरून एक मुलगी बोलली. तिची आई विड्या वळते. “सर, हे काम उक्तं दिलंय. रोजावर कोण असं पळत नाही. आईला मजुरी हजार विड्यांवर, म्हणून जेवण झालं-न झालं की सूप परत मांडीवर. तिला लोभी म्हणायचं का?” वर्ग गप्प. तिचं संपलं नव्हतं. “पाहोम मेला. पैसे मुखियाच्या टोपीत, जमीन जागेवर, आणि तो पोट धरून हसतोय. मग लोभी कोण?”

आदल्या रात्री पाहोमला स्वप्नात हाच मुखिया सैतान झालेला दिसतो, हे मी सांगितलं. “बघा की मग!” म्हणून ती खाली बसली.

परीक्षेतला प्रश्न ठरलेला: ‘पाहोमच्या लोभी वृत्तीचे चित्रण करा.’ ह्या दोघांनी वर्गात बोलले तेच पेपरात लिहिलं, तर माझा हात सढळ आहे. पण पेपर बाहेर तपासायला जातात.