वायर उपटायच्या आधी

नेट येईना गेलं की आमच्या लातूरकडं सगळ्या घरांत एकच औषध. वायर उपटा, दहापर्यंत मोजा, परत लावा. औषध लागू पडतं, हीच तर पंचाईत आहे.

घरच्या राउटरवर मी ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सिस्टीमच्या जागी टाकायची राउटरची सिस्टीम) टाकलंय. लॅपटॉपवर काळी खिडकी उघडायची, एसएसएचनं, म्हणजे दुसऱ्या मशीनला हुकूम टाइप करून द्यायच्या सोयीनं, १९२.१६८.१.१ हा राउटरचा पत्ता गाठायचा. अप्पा विचारतात, "काय करायलास रे?" राउटरला विचारायलोय म्हटलं की ते वायरीकडं बघत गप बसतात.

पहिला प्रश्न 'अपटाइम'. राउटर किती वेळापासून जागा आहे ते कळतं. आमच्याकडं ती लाईटीचीच नोंद म्हणायची. मग 'लॉगरीड', म्हणजे राउटरची रोजनिशी, त्याचा लॉग, वाचायचा. सरसर ओळी येतात. त्यात वॅनची, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाईनची, 'कनेक्टिव्हिटी लॉस' अशी ओळ दिसली, की आपल्या डब्यावर चिडण्यात अर्थ नाही. त्याच्यापर्यंत येणारी लाईनच मेलीय, केबलवाल्याला फोन लावायचा. लाईन जिवंत असून जोडणी अडकली असेल तर 'इफअप वॅन' पुरतं. बाहेरची जोडणी नव्यानं होते, घरातल्या मोबाईलांचं वायफाय हलत नाही. 'रीबूट' अगदी शेवटी.

कारण हा लॉग राहतो रॅममध्ये, म्हणजे बंद पडलं की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत. रीबूट केलं की दुखणंही गेलं आणि दुखण्याचा पुरावाही. वायर उपटली तरी तेच. बरं, अशा बहुतेक राउटरांत घड्याळाला सेलही नसतो. उठल्यावर तो आपल्या फायलींतली सगळ्यात अलीकडची तारीख धरतो आणि नेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत तिच्यावरच चालतो. लाईट तासभर गेली होती का रात्रभर, त्याला पत्ताच नसतो.

पण याच विसराळूपणावर नेटवर्कवाल्यांची नोकरी टिकून आहे. लातुरात बसून उदगीरच्या शाखेतल्या सिस्को कंपनीच्या राउटरची सेटिंग बदलायची, आणि एक ओळ चुकली की आपलाच रस्ता बंद! म्हणून जाणता गडी आधी 'रिलोड इन १०' टाकतो: दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट हो. मग बदल करायचा, पण सेव्ह करायचा नाही. सगळं नीट चाललं तर 'रिलोड कॅन्सल' आणि मग सेव्ह. संपर्क तुटलाच तर चहा मागवायचा. दहा मिनिटांनी राउटर उठतो, नवी सेटिंग विसरलेला असतो, जुनीवर चालू लागतो, आणि उदगीरची एसटी धरायची वेळ येत नाही.