अक्षरांचा सातबारा
कोकणात विहीर सामाईक, आगर सामाईक, सातबाऱ्यावर तर नावांची रांगच. मग घरातल्या संगणकांवरचे फॉन्ट तेवढे ज्याचे त्याचे कशाला, हा वाद आमच्या मालवणच्या घरात गणपतीच्या आधी हमखास निघतो. आरत्यांचा कागद माडीवरच्या संगणकावर जुळवायचा, छापायचा पडवीतल्या संगणकाला जोडलेल्या प्रिंटरवर, आणि मधे जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंती. वायफाय तिथे हात टेकतं, म्हणून माजघरातून वायर ओढलेली आहे.

त्या वायरीतून फाइल सुखरूप खाली येते, अक्षरं मात्र माडीवरच राहतात. कारण फाइलमध्ये असतो तो अक्षराचा नुसता क्रमांक. युनिकोडात, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, ‘क’ म्हणजे २३२५, बस्स. त्याचा गोलवा किती, शेपूट कुठवर, हे ज्या त्या संगणकातला फॉन्ट ठरवणार. तो नसला की यंत्र हाताला लागेल तो दुसरा लावून मोकळं होतं. मग ओळी सरकतात, आरतीचं शेवटचं कडवं पुढच्या पानावर एकटंच जाऊन बसतं आणि मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’च्या जागी हिंदी वळणाचे येतात. हे निदान वाचता तरी येतं. भजनी मंडळाच्या जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या; त्यांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी. काका चष्मा वर करून विचारतात, “ह्यां खंयच्या देवाचां नाव?”

पुतण्याचं म्हणणं, फॉन्टचं एकच फोल्डर माडीवर ठेवून सगळ्यांना खुलं करू. फॉन्ट कॉपी न करता नुसता शॉर्टकट बसवायची सोय विंडोजमध्ये आहेही. पण श्रावणभादव्यात आमच्याकडे वीज कधी जाईल ते महावितरणही सांगू शकत नाही. माडीवरचा संगणक बंद पडला की खालच्यांची अक्षरं गेलीच. माझं मत सरळ आहे: फोल्डर सामाईक असू दे, फॉन्ट मात्र प्रत्येक संगणकावर बसवायचा. फाइल असते बहुधा काहीशे केबीची, मोबाइलवरच्या एका फोटोहूनही हलकी. तिथे काटकसर कसली करायची? विंडोजवर बसवताना ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडायचा, नाहीतर वहिनींच्या खात्यात फॉन्ट दिसतो आणि दादांच्या खात्यात नाही, आणि भांडण निराळ्याच विषयावर जातं. शिवाय आवृत्ती सगळीकडे तीच हवी. नाव एकच असूनही जुन्या-नव्या आवृत्तीत अक्षरांची रुंदी बदललेली असू शकते.

वाटणीचा हक्क मात्र आधी बघावा. मुक्ता, बालू, नोटो हे फॉन्ट खुल्या परवान्याचे. घरभर काय, गावभर वाटा. विकत घेतलेल्याच्या परवान्यात बहुधा संगणकांची संख्या लिहिलेली असते. तिथे भाऊबंदकी चालत नाही.

मुंबईहून येणारे चाकरमानी आपापले लॅपटॉप घेऊन येतात. प्रत्येकाच्या यंत्रात फॉन्ट कोण बसवत बसणार? त्यांना पीडीएफ पाठवायची. फॉन्ट तिच्या पोटातच जातो. काकांना ही पीडीएफ अजिबात पसंत नाही. ऐन वेळी त्यांना आठवलेलं कडवं तिच्यात घालता येत नाही.